जुन्या गाडीचा भेगाळलेला रंग

मोटारीचा रंग म्हणजे एकावर एक बसलेले अनेक थर. तळाशी पत्र्याला घट्ट धरणारा, गंज रोखणारा प्रायमर, त्यावर बारीक उंचसखलपणा भरून काढणारा सरफेसर, मग रंग आणि अलीकडच्या बहुतेक गाड्यांत सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. आजची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा या सगळ्यांची मिळून जाडी 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी, 2014 पर्यंत निघत राहिलेली अँबॅसडर किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती 800 यांची गोष्ट वेगळी. दर काही वर्षांनी जुन्याच रंगावर नवे हात चढत गेल्याने अशा गाड्यांवर हा थर दुप्पट-तिप्पट जाड झालेला आढळतो. खोल भेगा बहुधा तिथेच पडतात.

कारण साधे आहे. रंग वर्षानुवर्षे आकसत आणि कडक होत जातो. खालचा पत्रा मात्र उन्हाने प्रसरण पावतो आणि रात्री आकुंचन पावतो. पातळ थर ही ओढाताण सोसतो, जाड थर तडकतो. बॉनेटवर वरून ऊन आणि खालून इंजिनाची उष्णता असते, म्हणून तिथे भेगा लवकर दिसतात.

रंगाची जातही महत्त्वाची. 1923 साली अमेरिकेत ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मोटारींसाठी ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग आणला. त्याआधी ब्रशने रंगवलेली गाडी पूर्ण वाळायला आठवडे लागत. हा रंग काही तासांतच वाळू लागला. भारतातल्या गॅरेजांत पुढे अनेक दशके याच घराण्यातला ‘एनसी’ रंग वापरला गेला. तो घासून चमकवायला उत्तम, पण वय झाले की ठिसूळ होतो. म्हणून दुरुस्तीआधी गाडीवर कोणता रंग आहे हे ओळखावे लागते. आतल्या, न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये बुडवलेले फडके घासावे. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो एनसी. सुरकुतला किंवा मऊ पडला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर हार्डनर घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग. इनॅमलवर एनसी मारल्यास तीव्र थिनर खालचा थर उचलतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो.

मग भेगेची खोली पाहावी. छोट्या भागावर 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवावा. भेग नाहीशी झाली तर ती वरच्याच थरात होती. तेवढे घासकाम आणि नवा हात पुरतो. ती कायम राहिली, तर तिच्यावर कितीही रंग मारला तरी काही महिन्यांत तीच नक्षी पुन्हा वर येते. भेगेत पुटी भरून वरून रंग मारणे हा या कामातला सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे. जुना रंग निरोगी थरापर्यंत, नाहीतर थेट पत्र्यापर्यंत, उतरवणे हाच उपाय.

टवके उडणे हे वेगळे दुखणे. रस्त्यावरची खडी उडून रंगाचा कण निघतो आणि पत्रा उघडा पडतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तिथे गंज लगेच धरतो आणि रंगाखालून पसरत फुगे आणतो. टवका ताजा असेल तर तो स्वच्छ करून, गंज खरवडून, प्रायमरचा ठिपका द्यावा. नंतर बारीक ब्रशने रंगाचे पातळ ठिपके एकेक वाळवत चढवावेत, भोवतीच्या रंगाहून किंचित वर येईपर्यंत. काही दिवसांनी तो उंचवटा 2000 नंबरच्या पेपरने सपाट करून कंपाउंड फिरवला की डाग जवळजवळ दिसत नाही. फुगा आलेला असेल तर मात्र तो फोडून खालचा पत्रा पाहावाच. दारांचा खालचा भाग, चाकावरच्या कमानी आणि काचेच्या रबराखालची कड इथे गंज अनेकदा आतून बाहेर आलेला असतो. दाराच्या तळाची पाणी निघण्याची भोके मातीने बुजली की पावसाचे पाणी आतच साचते. अशा जागी सडका पत्रा कापून नवा जोडल्याशिवाय रंग टिकत नाही. साधे लोहचुंबकही इथे कामाला येते: पुटीचा जाड थर असेल तिथे ते पत्र्याला नीट चिकटत नाही.

पत्रा उघडा केला की त्याच दिवशी प्रायमर मारावा. दमट हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस गंज चढतो. भोवतीच्या जुन्या रंगाची कड 80, 180, 320 अशा क्रमाने घासून इतकी उतरती करावी, की बोट फिरवताना पायरी जाणवू नये. पुटी घासलेल्या स्वच्छ पत्र्यावर किंवा पूर्ण वाळलेल्या इपॉक्सी प्रायमरवर भरावी, आम्लयुक्त एचिंग प्रायमरवर नव्हे. हार्डनर साधारण दोन टक्के. लवकर वाळावी म्हणून तो जास्त घातला तर पुढे रंगावर पिवळट डाग उमटतात. पुटी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी. नंतर सरफेसर, त्यावर 600 ते 800 नंबरचे पाण्याचे घासकाम आणि शेवटी गनने रंगाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर थिनर उडून जाईपर्यंत थांबून.

हे थांबणे पावसाळ्यात फार अवघड होते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि एनसी रंग दुधट होतो. महाराष्ट्रात उघड्या शेडमधले रंगकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करणे म्हणूनच शहाणपणाचे.

कारागिराच्या फुफ्फुसांची काळजी तितकीच गरजेची. जुन्या पिवळ्या, केशरी रंगांत आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसे असू शकते. ते कोरडे घासल्यास धूळ श्वासात जाते. हार्डनरच्या रंगांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसलेल्या गॅरेजला हे रंग वापरायला लावू नये.

मूळ रंग फिका पण अखंड असेल तर तो काढण्याची घाई करू नये. कंपाउंड आणि मेण यांनी तो बराच खुलतो. छटाच बदलायची असेल तर आरसी पुस्तकात रंगाची नोंद असते, ती आरटीओत बदलून घ्यावी लागते. आणि गाडी गॅरेजात देताना नव्या रंगाची चौकशी करण्याआधी जुना कुठपर्यंत उतरवणार ते विचारावे, आणि प्रायमर मारण्यापूर्वी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा.