गीझर पुन्हा पुन्हा का बंद पडतो?

मागच्या हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका वसतिगृहाचा गीझर दर एकदोन दिवसांनी बंद पडू लागला. टाकी २५ लिटरची, कॉइल २ किलोवॅटची. वायरमन यायचा, खालचे झाकण काढून आतले बारीक बटण दाबायचा आणि गीझर सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोनदा कटआउट बदलून झाला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, ‘‘बाई, हे कटआउटच असले येतात. डायरेक्ट करून देतो, परत तक्रार नाय यायची.’’ तिथे विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी त्याला थांबवले आणि मला बारामतीला फोन केला.

डायरेक्ट करणे म्हणजे कटआउटची दोन टोके तारेच्या तुकड्याने सरळ जोडून टाकणे. तक्रार खरोखरच येत नाही. पण मग काय होऊ शकते, ते आधी पाहू.

गीझरमध्ये तापमानावर नजर ठेवणारे दोन पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट. त्यात पितळेच्या नळीत इन्व्हार या मिश्रधातूची कांडी असते. तापल्यावर पितळ प्रसरण पावते, इन्व्हार जवळजवळ नाही. २८ सेंटिमीटर लांबीची नळी ४० अंशांनी तापली तर ती सुमारे ०.२ मिलिमीटर लांबते. एवढ्याशा फरकाने विजेचा संपर्क तुटतो. पाणी निवले की पुन्हा जुळतो. हा रोजचा कामगार. दुसरा पहारेकरी कटआउट. वसतिगृहातल्या गीझरमध्ये तो द्रव भरलेल्या बारीक नळीचा होता. नळीचे टोक कॉइलशेजारच्या बंद खोबणीत बसते. तापमान ९० अंशांच्या आसपास गेले की द्रव प्रसरण पावून पडदा ढकलतो आणि वीज तोडतो. ती आपोआप परत येत नाही, बटण दाबावे लागते. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. काय बिघडले ते कोणीतरी येऊन पाहावे, म्हणून.

आता समजा, कटआउट डायरेक्ट केला आहे आणि थर्मोस्टॅटचे संपर्क ठिणग्यांनी चिकटून बसले. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर यायला २ किलोवॅटला साधारण ३५ मिनिटे लागतात. (वर्गात हे गणित जरूर करून घ्या.) पुढच्या तेवढ्याच वेळात ते उकळीला येते. त्यानंतर दाब वाढू लागतो. दाब सोडणारी झडप असते, पण तिचे भोक क्षाराने बुजलेले असले तर? एक लिटर पाण्याची सुमारे १६०० लिटर वाफ होते. आणि या नळाखाली पहाटे पाचला मुले बादल्या लावतात.

म्हणून कटआउट पडला की पहिला प्रश्न ‘तो खराब आहे का’ हा नसावा. ‘तो काय सांगतो आहे’ हा असावा. उत्तर शोधायला एक तापमापी पुरते. कटआउट पडल्यावर लगेच नळातून पाणी घ्यायचे. ते उकळत्यासारखे कढत असेल, तर दोष थर्मोस्टॅटचा. अगदी गार असेल, तर कटआउट खरोखर खराब असेल, किंवा त्याच्या टोकावरचा स्क्रू सैल असेल. सैल जोडणी स्वतःच तापते आणि तिथली तार काळी पडलेली दिसते. बाईंना पाणी मिळाले कोमट, जेमतेम ४२ अंशांचे. म्हणजे पाणी तापलेले नाही, पण कटआउटचे टोक मात्र ९० अंशांपर्यंत पोचले आहे.

तरीही त्यांनी काढून टाकलेले दोन्ही जुने कटआउट प्रयोगशाळेत तपासले, हे मला फार आवडले. कटआउटचे टोक मोठ्या परीक्षानळीत, परीक्षानळी चंचुपात्रातल्या पाण्यात, आणि दोन टोकांना टॉर्चचा सेल व दिवा. विजेच्या मुख्य जोडणीशी कसलाही संबंध नाही. पाणी सावकाश तापवत गेल्यावर दोन्हींचे दिवे ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान विझले. (इंदापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते. तेवढे या प्रयोगाला पुरते.) दोन्ही कटआउट चांगले होते.

मग गीझरचा प्लग काढून, टाकी रिकामी करून कॉइल बाहेर काढली. तिच्यावर पांढरट थर होता, आणि कॉइल व कटआउटची खोबणी यांच्यामधली फट त्याच थराने भरून गेली होती. कॉइलची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी थेट खोबणीत जात होती. एक ढोबळ हिशेब करा. कॉइलची नळी ८ मिलिमीटर जाडीची आणि ८० सेंटिमीटर लांब धरली तर तिचे पृष्ठफळ सुमारे ०.०२ चौरस मीटर. त्यातून २००० वॅट बाहेर पडायचे. क्षाराची उष्णतावाहकता २ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली (तांब्याची ४००च्या घरात असते), तर एका मिलिमीटरच्या थराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत ५० अंशांचा फरक पडतो. थर सच्छिद्र असेल तर आणखी जास्त. पाणी ४२ अंशांवर आणि कॉइलचा पृष्ठभाग ९२ वर, यात मग नवल काही नाही.

परदेशी तरणतलावांच्या हीटरमध्येही अशीच तक्रार येते. गाळणी चोंदून पाण्याचा प्रवाह मंदावतो, किंवा नळीत क्षार साचतो, आणि सुरक्षा संवेदक वीज वा गॅस तोडतो. लोक संवेदक बदलतात. नवाही तेच करतो.

थर येतो कुठून? बोअरच्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. तापल्यावर त्याचे अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट होते. बारामती-इंदापुरात पाऊस कमी, आणि १८८०च्या दशकापासून नीरा डाव्या कालव्याचे बारमाही ओलीत. पाणी वर उडून जाते, क्षार मागे राहतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० सालीच अहवाल लिहिला होता. बोअरचे, कालव्याचे आणि पावसाचे पाणी तीन बाटल्यांत घेऊन सारखाच साबण घालून हलवा. फेसाची उंची मुलेच मोजतील.

कॉइल लिंबूसत्त्वाच्या द्रावणात, विजेची टोके वर कोरडी ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवली. खोबणी खरवडून मोकळी केली. जुन्यांपैकीच एक कटआउट परत बसवला. नवा घ्यावा लागलाच, तर तापमानाचा आकडा तोच हवा. जास्त आकड्याचा ‘टिकतो’ म्हणून घेऊ नये. २ किलोवॅटला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे १६ अँपिअरचा भाग योग्य. नळीचे टोक खोबणीच्या तळापर्यंत जायला हवे, ती कोनात मुडपू नये. वायसर नवा घालावा, अर्थिंग तपासावे, आणि नळातून पाणी येऊ लागेपर्यंत, म्हणजे टाकी भरेपर्यंत, बटण चालू करू नये, नाहीतर कॉइल कोरडीच जळते. हे काम वायरमननेच केले, बाई शेजारी उभ्या होत्या.

दर दिवाळीच्या सुट्टीत कॉइल काढून पाहायची असे आता तिथे ठरले आहे. उरलेला कटआउट आठवीच्या वर्गात उष्णतेच्या धड्याला वापरतात.