विश्लेषण : उंदराचे बीळ, वाळूमाशी आणि लवकर न भरणारी जखम... गोंदियाला धोका किती?

पावसाळा सुरू झाला की आपण डासांची धास्ती घेतो. त्याच दिवसांत मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात डासापेक्षाही लहान कीटक वाढत असतो. तो म्हणजे वाळूमाशी अर्थात सँडफ्लाय. जगाच्या काही भागांत ती उंदरांकडून माणसाला त्वचारोग देते. विदर्भात मात्र तिचे नाव मुलांच्या मेंदूज्वराशी जोडले गेले आहे.

त्वचारोग कोणता?

त्वचेचा लिश्मानियासिस. लिश्मानिया या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. माशी चावलेल्या जागी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुटकुळी येते. तिची उंच कडांची जखम होते. बहुधा ती दुखत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होते. भरायला अनेक महिने लागतात आणि कायमचा व्रण राहतो.

उंदरांचा संबंध काय?

मध्य आशिया आणि इराणच्या कोरड्या भागांत जर्बिल जातीच्या उंदरांच्या शरीरात हा परजीवी टिकून राहतो. त्यांच्या खोल बिळांत अंधार, ओल आणि कुजके पदार्थ असतात. वाळूमाशीच्या अळ्या पाण्यात नव्हे, तर अशाच ओलसर मातीत वाढतात. मादी उंदराचे रक्त शोषते आणि नंतर माणसाला चावते. म्हणूनच इराणच्या इस्फहान भागात बिळांमध्ये झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकण्यात आले. आपले शेतकरीही उंदरांसाठी हेच औषध वापरतात.

भारतात कुठे?

प्रामुख्याने राजस्थानातील बिकानेर परिसर, हिमाचल प्रदेशातील सतलज खोरे आणि केरळ. बिकानेरकडचा प्रकार मुख्यत्वे माणसाकडून माशीमार्फत माणसाकडे जातो. तिथे उंदीर गौण ठरतो.

मग गोंदियाने काळजी का करावी?

गोंदिया या त्वचारोगाचा परिचित पट्टा नाही. वाळूमाशी मात्र विदर्भाला नवी नाही. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील तापाच्या रुग्णांत चांदीपुरा विषाणू सापडला. तो याच माशीमार्फत पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यातील १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागातही मुलांमध्ये उद्रेक झाला. गोंदिया याच विभागात येतो. तीव्र ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी असा हा आजार वेगाने वाढतो. त्यावर ठरावीक औषध किंवा लस नाही.

बचाव कसा करावा?

वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. तिला लांब उडता येत नाही, ती उड्या मारत जाते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही ती आत शिरते, म्हणून बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरावी. भिंतींच्या भेगा आणि घरातील, गोठ्यातील उंदरांची बिळे बुजवावीत. शेणखताचा ढीग घरापासून दूर ठेवावा. मुलांना रात्री अंगभर कपडे घालावेत. गावात फवारणी झाल्यावर लगेच भिंती लिंपू नयेत, नाहीतर औषध लेपाखाली दडपले जाते.

मुलाला तापासोबत झटके आले तर सकाळची वाट पाहू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. आणि राजस्थान, हिमाचल किंवा आखाती देशांतून परतल्यावर एखादी जखम महिनाभर भरत नसेल, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती जरूर द्यावी. तेवढ्यावरून निदानाची दिशा बदलू शकते.