रंगाचा हात शेवटचा

घराला चाके असावीत आणि त्याचे दार रोज नव्या अंगणात उघडावे, ही माणसाची जुनी हौस. युरोपात ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणली कॅम्पर व्हॅनने. आत झोपण्याची सोय, लहानसा ओटा, चार भांड्यांपुरते कपाट, एवढाच तिचा संसार. आजही ब्रिटनमध्ये अनेक कुटुंबे जुनी, कळाहीन झालेली व्हॅन विकत घेतात आणि सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी तिला नवे रूप देतात. वरवर केवळ हौसेचे दिसणारे हे काम मोठ्या शिस्तीचे आहे.

या गाड्यांत सर्वाधिक कीर्ती मिळाली ती फोक्सवॅगनच्या व्हॅनला. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या वहीत तिचे पहिले रेखाचित्र काढले आणि १९५० साली जर्मनीत तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवण्याजोगे पलंग-कपाटांचे सामान तयार केले. इंजिन मागे असल्यामुळे मधली जागा मोकळी राही. बाहेरच्या रुंद, सपाट बाजू तर जणू चित्रकाराची वाट पाहणाऱ्या भिंतीच!

ती वाट अमेरिकेतील बाल्टिमोरचे चित्रकार बॉब हिरॉनिमस यांनी ओळखली. १९६८ साली ‘लाइट’ नावाच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी अशी एक जुनी व्हॅन नाना प्रतीकांनी आणि भडक रंगांनी नखशिखांत रंगवली. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीतमहोत्सवात तिचे छायाचित्र टिपले गेले आणि ते जगभर पोहोचले. त्याच सुमारास युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून भारतात येणारे तरुण प्रवासी अशाच व्हॅनमधून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांचा प्रवेश या घटनांनी तो खुष्कीचा मार्ग बंद झाला.

हिरॉनिमस यांच्या त्या व्हॅनचे पुढे काय झाले? अनेक वर्षांनी तिचा कसून शोध घेण्यात आला. पण ती सापडली नाही. अखेर त्याच बनावटीची दुसरी जुनी गाडी दुरुस्त करून, वुडस्टॉकच्या पन्नाशीनिमित्त २०१९ साली तिच्यावर ते चित्र त्यांच्याच देखरेखीखाली पुन्हा साकारण्यात आले. चित्र टिकले, गाडी मात्र हरवली. रंग कितीही नामांकित असला तरी तो गाडीचे आयुष्य वाढवत नाही. ते वाढते रंगाखालच्या निगराणीने.

म्हणूनच जाणकार कुटुंब रंगाचा डबा उघडण्यापूर्वी गाडीखाली शिरते. चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, पायपुसण्याखालचा तळ आणि खिडक्यांच्या रबराखालची कड येथे गंज दबा धरून बसतो. पाणी मुरत असल्यास आधी ते रबर बदलावे लागते. गंजलेला पत्रा कापून तेथे नवा जोडणे हे कुशल वेल्डरचे काम. त्यावर नुसती पुट्टी थापून रंग दिल्यास दोष झाकला जातो, मिटत नाही.

त्यानंतर येते ते कंटाळवाणे, पण निर्णायक काम: धुणे, तेलकटपणा काढणे आणि पॉलिश पेपरने घासणे. उघड्या पत्र्याला गंजरोधक प्रायमर द्यावा लागतो. मग फोमच्या रोलरने तैलरंगाचे पातळ थर द्यायचे आणि एक थर पुरता वाळल्यावर व हलका घासल्यावरच दुसरा द्यायचा. दमट किंवा कडाक्याच्या थंडीत ही घाई करू नये. कारखान्याची झळाळी याला येत नाही. पण मजुरी घरचीच असल्याने खर्च बराच आटोक्यात राहतो. वर पिवळा व खाली निळा अशी दुरंगी विभागणी, फुलांचे साचे, मुलांनी रंगवलेले पक्षी, हे सारे या पक्क्या थरावर शोभते.

आतील सजावटीत उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेले पडदे, जुन्या गाद्यांना नवे अभ्रे, विणलेल्या चौकड्यांची पांघरुणे असा घरगुती थाट असतो. येथे दोन पथ्ये मात्र काटेकोर पाळावीत. शेगडीजवळ पडदा नको, आणि हवेसाठी ठेवलेल्या जाळ्या गालिचाने किंवा रंगाने बुजवू नयेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो आणि तळाच्या जाळीतूनच बाहेर जाऊ शकतो. जळण अपुरे झाल्यास निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. त्याची सूचना देणारे छोटे यंत्र बसवणे पडद्यांहून अगत्याचे. प्लायवूडच्या प्रत्येक फळीने वजनही वाढते, आणि ५० लिटर पाण्याची टाकी म्हणजे ५० किलोचा भार, हेही विसरून चालत नाही.

कागदपत्रांचाही हिशेब आहे. ब्रिटनमध्ये गाडीचा रंग बदलल्यास परिवहन खात्याला कळवून नोंदणीपुस्तकात तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि विमा कंपनीलाही माहिती द्यावी लागते. ४० वर्षांहून जुन्या गाडीला ‘ऐतिहासिक’ म्हणून रीतसर नोंद झाल्यावर रस्ताकर पडत नाही. मोठे फेरफार केलेले नसल्यास वार्षिक तपासणीची सक्तीही नसते. तरीही सुज्ञ मालक ती तपासणी स्वखुशीने करून घेतात. सक्ती उठली म्हणून ब्रेकची झीज थांबत नाही.

ऊन-पावसाने रंग पुन्हा फिकटतील, एखाद्या कोपऱ्यात पुन्हा तांबूस ठिपका उमटेल. ज्या हातांनी प्रत्येक पत्रा घासला, त्यांच्या नजरेला तो ठिपका सर्वांआधी दिसेल आणि वेळेवर पुसलाही जाईल. स्वतः कष्ट घेऊन केलेल्या नूतनीकरणाची खरी मिळकत हीच.