ढालढेकूण : डीएनएवर आधारित कुल-वर्गीकरण

हेमिप्टेरा गणाच्या पेंटॅटोमॉयडिया अधिकुलातील कीटकांना ढालढेकूण म्हणतात. त्यांच्या वक्षाच्या पाठीवर मोठा, बहुधा त्रिकोणी पट्ट (ढालक) असतो. त्यावरून हे नाव पडले आहे. या अधिकुलात सु. १८ कुले व ७,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी निम्म्याहून जास्त जाती एकट्या पेंटॅटोमिडी कुलातील असून भाज्या व कडधान्ये यांवर पडणारा हिरवा ढेकण्या (नेझारा व्हिरिड्यूला) याच कुलातील आहे.

पूर्वीचे वर्गीकरण ढालक, पाय, पंखांतील शिरा व जननेंद्रिये यांच्या रचनेवर आधारलेले होते. तथापि बाह्य साम्य म्हणजे नाते, असे नेहमीच नसते. स्कुटेलरिडी व प्लॅटॅस्पिडी या कुलांत ढालक इतका वाढलेला असतो की, त्याखाली पंख व उदर जवळजवळ झाकले जातात. परंतु पेंटॅटोमिडीतील ग्रॅफोसोमा प्रजातीतही असाच ढालक आढळतो. म्हणजेच हे लक्षण निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे उद्‌भवले आहे. सिडनिडी कुलातील माती उकरण्यास योग्य असे काटेरी पायही समान राहणीचा परिणाम असू शकतात. अशा लक्षणांची पारख करण्यासाठी डीएनएचा (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचा) पुरावा उपयोगी पडतो.

कार्यपद्धती : निरनिराळ्या कुलांतील नमुन्यांतून डीएनए वेगळे करून ठराविक जनुकांतील क्षारकांचा क्रम ठरवितात. केंद्रकातील १८ एस व २८ एस आणि कलकणूंतील १६ एस ही रिबोसोमी जनुके व कलकणूंतीलच सीओआय हे जनुक विशेष वापरले जाते. १८ एस जनुक सावकाश बदलते, म्हणून ते प्राचीन शाखांच्या अभ्यासास योग्य ठरते. सीओआय जलद बदलत असल्याने जवळच्या जातींतील भेद दाखविते. सर्व क्रम एकाखाली एक जुळवून, अधिकुलाबाहेरील ढेकणांशी तुलना करून वंशवृक्ष काढतात. एका समाईक पूर्वजाचे सर्व वंशज ज्यात येतात, तोच गट नैसर्गिक कुल मानला जातो.

निष्कर्ष : जोसेलिया ग्राझिया, रँडल शू व वॉर्ड व्हीलर यांनी २००८ मध्ये आकारवैज्ञानिक ५७ लक्षणे आणि वरील चार जनुकांतील सु. ३,५०० क्षारकस्थाने यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यावरून संपूर्ण अधिकुल एकाच पूर्वजापासून आले असून यूरोस्टायलिडिडी ही त्यातील आरंभी वेगळी झालेली शाखा आहे, असे दिसून आले. डॉलिंग यांनी १९८१ मध्ये व्यापक केलेले सिडनिडी कुल मात्र नैसर्गिक ठरले नाही. ऑस्ट्रेलियातील लेस्टोनिइडी हे छोटे कुल मोठ्या ढालकामुळे पूर्वी प्लॅटॅस्पिडीच्या जवळचे मानीत. त्याचे खरे नाते अ‍ॅकँथोसोमॅटिडीशी असावे, असे बहुतेक विश्लेषणांत आढळले. या दोन्ही कुलांतील माद्यांच्या उदरावर सारखीच ग्रंथियुक्त इंद्रिये असतात, हे या मतास पोषक आहे.

मर्यादा : रिबोसोमी जनुकांची लांबी जातीजातींत बदलते, त्यामुळे क्रम जुळविताना मतभेद होतात. जलद बदलणाऱ्या जनुकात एकाच स्थानी पुनःपुन्हा बदल होऊन जुन्या खुणा पुसल्या जातात. कलकणूंचे डीएनए मातेकडूनच येत असल्याने त्यातून इतिहासाची एकच बाजू कळते. शिवाय नमुन्याची ओळख मुळात चुकली, तर पुढचे सर्वच चुकते. म्हणून ज्याचे डीएनए घेतले, तो कीटक संग्रहालयात जपून ठेवणे आवश्यक असते.

महत्त्व : पूर्व आशियातील हॅलिओमॉर्फा हॅलिस हा ढालढेकूण १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचला व फळबागांना उपद्रवी ठरला. त्याच्या अंड्यांवर वाढणारी ट्रायसोल्कस जॅपोनिकस ही सूक्ष्म गांधील उपयोगी वाटली. परंतु प्रयोगशाळेत ती पोडिसस मॅक्युलिव्हेंट्रिस या उपद्रवी किडी खाणाऱ्या उपकारक ढालढेकणाच्या अंड्यांवरही हल्ला करते, असे आढळले. असा शत्रुकीटक सोडण्यापूर्वी कोणत्या स्थानिक जातींवर त्याची चाचणी घ्यावयाची, हे प्रथम नात्यावरून ठरवितात. नाते चुकीचे मांडले गेल्यास धोक्यातील जाती चाचणीतून निसटतात. म्हणून कुलांचे अचूक वर्गीकरण केवळ संग्रहालयापुरते राहत नाही. शेती व वन्य जीवन यांच्या रक्षणाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.