स्मृतिभ्रंश आणि विनयपिटकातील गग्ग भिक्खू

वृद्ध मातापित्यांच्या सेवेचा विषय निघाला की आपण सिगालोवाद सुत्ताचा आधार घेतो. दीघनिकायातील या सुत्तात मातापित्यांना पूर्व दिशा मानून अपत्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. परंतु ज्या मातेला आपले अपत्यच ओळखू येत नाही, तिची सेवा कशी करावी? या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर आम्हांला विनयपिटकात आढळते.

महावग्गाच्या उपोसथक्खंधकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आली आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. तो कधी येई, कधी येत नसे. तथागतांनी त्याला संघाबाहेर काढण्यास सांगितले नाही. संघाने रीतसर ठराव करून त्याला ‘उम्मत्तक-सम्मुती’ द्यावी, म्हणजे गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचे उपोसथकर्म ग्राह्य ठरेल, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली.

चुल्लवग्गात हीच हकीकत पुढे जाते. भ्रमिष्ट अवस्थेत गग्गाकडून अनेक अनुचित कृत्ये घडली होती. तो बरा झाल्यावरही काही भिक्खू ‘तुला आठवते का?’ असे त्याला पुनःपुन्हा विचारीत. आपल्याला भान नव्हते, काही आठवत नाही, असे तो सांगे. तरी त्यांचे विचारणे थांबेना. तथागतांनी या भिक्खूंना दोष दिला आणि गग्गाला ‘अमूळ्हविनय’ देण्यास, म्हणजे त्या काळातील कृत्यांबद्दल दोषमुक्त करण्यास सांगितले.

गग्गाचा विकार म्हणजेच स्मृतिभ्रंश, असे आमचे म्हणणे नाही. गग्ग बरा झाला. स्मृतिभ्रंशाचे बहुतेक प्रकार उत्तरोत्तर वाढत जातात. त्यांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या अल्झायमर रोगाचे वर्णन जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडले. या रोगात मेंदूतील पेशी नष्ट होत जातात. आरंभी बहुधा नुकतेच घडलेले विसरले जाते, जुने बराच काळ टिकते. म्हणून आई सकाळचे जेवण विसरते, पण माहेरच्या वस्तीतील माणसांची नावे सांगते. हे सोंग नव्हे आणि हट्टही नव्हे. मात्र ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार वा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. म्हणून ‘म्हातारपणच ते’ असे म्हणून न थांबता वैद्यकीय तपासणी करून घेणे हे पहिले कर्तव्य होय.

आमच्या मातोश्रींच्या आजारात ‘आत्ताच सांगितले ना, आठवत नाही का?’ असे आम्ही कितीदा म्हटले असेल! गग्गाला छेडणाऱ्या भिक्खूंच्या पंक्तीत आपण जाऊन बसलो आहोत, हे पाली शिकविणाऱ्या आम्हांलाही उशिराच उमगले.

महावग्गाच्याच चीवरक्खंधकात उत्तम शुश्रूषकाची पाच अंगे सांगितली आहेत : औषध तयार करता येणे; पथ्यापथ्य जाणणे; लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करणे; मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न मानणे; आणि प्रसंगी धम्मकथेने रुग्णास धीर देणे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण भिक्खूला उपाध्याय, आचार्य, शिष्य यांपैकी कोणीही नसल्यास सेवेचा भार संपूर्ण संघावर येतो आणि तो टाळल्यास दोष लागतो. आपल्या घरांत मात्र हा भार बहुधा एकट्या सुनेवर वा मुलीवर पडतो. मुलगे पैसे देऊन मोकळे होतात. विनयाच्या कसोटीला हे उतरत नाही. भावंडांनी पाळ्या ठरवाव्यात, रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत. विहारातील उपासक-उपासिकांनीही आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसून घरच्यांना उसंत द्यावी.

मातोश्री आता सायंकाळच्या वंदनेला कधी बसतात, कधी मध्येच उठून जातात. आम्ही त्यांना अडवीत नाही आणि आठवते का, असे विचारीतही नाही. त्या असोत वा नसोत, वंदना पूर्ण होते. त्यांचे आसन मांडलेलेच असते.