पाच नंबर मारत नाही

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात दहा चाकी 2515 उभ्या जागी थरथरतेय. केबिनमधलं इंजिनवरचं झाकण काढून फाटकाला टेकवलंय, त्यामुळे आवाज उघडा पडलाय. लेझमीच्या पथकात एकाचा ठेका कायम चुकावा, तसा. सायलेन्सरमधून राखाडी धूर येतोय, डोळ्यांना झोंबणारा. अर्धवट जळलेल्या डिझेलचा धूर असाच झोंबतो.

"गरम झाली की जाईल मिसिंग, म्हणाले होते," मालक सांगतो. हा बार्शीकडचा, गाडी स्वतःच चालवतो. "बार्शीहून इथपर्यंत आलो की. गेली नाही."

जुन्या इंजिनाचा क्रँक तुटला. नवं परवडेना, म्हणून भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन उचललं. सहा सिलिंडरचं, 5.9 लिटरचं कमिन्स. विकणाऱ्याचं म्हणणं एवढंच, की चालू गाडीतून काढलंय. बसवलं, सेल्फ मारला, इंजिन एका झटक्यात चालू झालं आणि पहिल्या मिनिटापासून मिसिंग. मग एकाने नोझल बदलायला लावले. दुसऱ्याने पंप उतरवून लॅबमध्ये नेला, तिथून तो कॅलिब्रेट होऊन आला. दोन्ही डिझेल फिल्टर नवे, तांब्याचे वॉशर नवे, टाकीपासूनचा पाइप नवा.

मिस्त्री हे सगळं मान खाली घालून ऐकतात. "म्हणजे बिघाड सोडून सगळं बदललंत, अण्णा."

अण्णा हसत नाहीत.

मिस्त्री पाना घेऊन केबिनमध्ये चढतात. इंजिन चालूच आहे. पंपाकडून येणाऱ्या पोलादी नळीचा एक नंबरवरचा नट ते जेमतेम पाव फेरा ढिला करतात. डिझेल बुडबुडत बाहेर येतं, त्या सिलिंडरचं तोंड बंद होतं आणि इंजिन आणखी लंगडतं. नट आवळला की पूर्वीसारखं. दोन नंबर, तसंच. तीन, चार, तसंच. पाच नंबरचा नट ढिला होतो, डिझेल ठिबकतं, पण आवाजात तसूभर फरक पडत नाही. सहा पुन्हा लंगडतं.

"पाच नंबर मारत नाही," मिस्त्री जाहीर करतात. गाडी आल्यापासून कोणी काही ठाम बोलल्याची ही पहिलीच वेळ.

हेल्पर पोरगं, बारक्या, निरखायला हात पुढे करतं. "बोट लांब ठेव," मिस्त्री खेकसतात. नोझल उघडायला दोनशे बारच्या वर दाब लागतो. नळीतून बारीक धार सुटली तर कातडी फोडून डिझेल आत घुसतं, आणि तशी बोटं कापावी लागलेली आहेत. डिझेलच्या कामातला धोका बहुतेकांना आगीचा वाटतो. खरा धोका हा आहे.

बारक्याच्या हातात मग पाण्याची बाटली येते. एक्झॉस्टच्या सहाही तोंडांवर तो थेंब उडवतो. पाच ठिकाणी चर्र होऊन वाफ. पाच नंबरवर थेंब बसून राहतो, कडेने थोडासा उकळतो, मग ओघळतो. टेम्परेचर गन ड्रॉवरमध्ये आहे, पण सेल संपलेत.

पुढचं झरझर होतं. चार आणि पाच नंबरच्या नोझलांची अदलाबदल: खोट पाचवरच राहते, म्हणजे नोझल सुटला. पाचच्या नळीतून डिझेल बाकीच्यांइतकंच उसळतंय, म्हणजे पंप सुटला. पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडून पाहतात, एकही बुडबुडा नाही. तशी हवा धरली असती तर आज पाच, उद्या दोन असं चाललं असतं. एकाच सिलिंडरला चिकटून राहणं हा हवेचा स्वभाव नाही. मग गेज लावून कम्प्रेशन. पाच नंबर बाकीच्यांच्या जवळपास. रिंगा, पिस्टन, हेड गॅस्केट, तिन्ही एकदम यादीतून बाहेर.

अण्णांचा चेहरा आणखी पडतो. "डिझेल बरोबर, कम्प्रेशन बरोबर. मग मारत का न्हाई?"

मिस्त्री उत्तर देत नाहीत. टर्बोकडून इनटेककडे जाणारा रबरी होज काढायला सांगतात आणि अण्णांच्या खिशातली डिझेलची पावती मागून घेतात. इंजिन पुन्हा चालू होतं. उघड्या इनटेकच्या तोंडाशी ते पावती दोन बोटांच्या चिमटीत धरतात. कागद आत ओढला गेला पाहिजे, आणि ओढलाही जातोय. पण मध्येच आतून कोणीतरी फुंकर मारल्यासारखा बाहेर उडतोय. ओढ, फुंकर, ओढ, फुंकर. साडेसातशे आरपीएमला एका सिलिंडरची पाळी सेकंदाला सहादा येते, त्यामुळे कागद नुसता फडफडतोय. कान जवळ नेला तर आत फट्‌फट् ऐकू येतं. पावतीवर काजळी धरते.

इनटेकच्या वाटेला काजळी असायचं काम नाही. पाच नंबरचा जळका धूर एक्झॉस्टने बाहेर पडतच नाहीये. तो सिलिंडरमध्ये कोंडतो, इनलेट उघडला की उलटा इनटेकमध्ये घुसतो. ताजी हवा आत येणार कुठून? आणि हवा नाही तर नवा कोरा नोझल तरी काय जाळणार?

या इंजिनाला दर सिलिंडरची वेगळी टोपी असते, म्हणून पाचची टोपी काढणं मिनिटाचं काम. अण्णा लगेच म्हणतात, टॅपेट तर दोघांनी सेट केले. फिलर गेज जातं: इनलेट 0.25, एक्झॉस्ट 0.51 मिलीमीटर. पुस्तकातल्यासारखं बरोबर. पाती सरकताना हवी तेवढी अडते. सगळे इथेच फसले असणार. टॅपेटचा गॅप मोजतात तो वाल्व बंद असताना, कॅमच्या गोल, न झिजलेल्या बाजूवर. वाल्व उघडताना किती उचलला जातो हे ती पाती कधीच सांगत नाही. त्यामुळे माप बरोबर आणि गाडी मिसिंग, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

डायल गेज येतं. चुंबकाचा पाया हेडवर, टोक चार नंबरच्या एक्झॉस्ट रॉकरवर, पुश रॉडच्या बाजूला. बारक्या खालून फ्लायव्हील हळूहळू फिरवतो. काटा फेऱ्यामागून फेरे घेतो, थांबतो, परततो. आता पाच नंबर. काटा निघतो, रमतगमत जातो आणि चारच्या निम्म्यावरही न पोचता माघारी वळतो.

"परत फिरव."

परत तेच. मिस्त्री पुश रॉड काढून काचेवर लोळवून बघतात, की वाकलेला तर नाही. सरळ आहे.

"कॅम गेलाय अण्णा. पाचची एक्झॉस्टची लोब."

"मग इंजिन पुन्हा उतरवायचं?"

"कशाला? पुढून ओढू."

अण्णा इंजिन परत करायचं बोलून बघतात. पण नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायचे कागद आरटीओत दिलेत, आणि विकणारा फोन उचलत नाही. ही दुसरी गोष्ट बहुधा कायमची आहे.

पुढची जाळी, रेडिएटर, फॅन, पुली, गिअरचं कव्हर निघतं. कॅमवर चालणारा लिफ्ट पंप बाजूने सोडवावा लागतो. क्रँकच्या आणि कॅमच्या दात्यांवरच्या टायमिंगच्या खुणा मिस्त्री समोरासमोर आणतात आणि तिथेच इंजिनाला हात लावायची सगळ्यांना बंदी होते. टॅपेट कॅमवर टेकलेले. ते वर धरले नाहीत तर कॅम निघताना तेलात पडतील. यासाठी कंपनीचं हत्यार असतं. इथे बांबूच्या तासलेल्या बारा काठ्या आहेत, तेलाने काळ्या झालेल्या. पुश रॉडच्या भोकांतून एकेक काठी टॅपेटमध्ये ठोकायची, वर खेचायची आणि रबर बँडने जोडीजोडीने बांधायची.

दुपार कलताना कॅम बाहेर येतो. अकरा लोबा अंड्याच्या आकाराच्या, चकचकीत. एकीचं नाक जवळजवळ गोल झालंय, वर बारीक आडवे ओरखडे. सम्प उतरवल्यावर तिचा टॅपेटही हातात येतो. त्याच्या तोंडावर नखाने कळेल असा खळगा. चांगला टॅपेट चालताना स्वतःभोवती थोडा थोडा फिरतो, म्हणजे झीज सगळीकडे वाटली जाते. लोब त्यासाठीच किंचित उतरती घासलेली असते. हा कधीतरी फिरायचा थांबला. बहुधा इंजिन उघड्यावर पडून होतं, तेल उतरून गेलं, आणि पहिला सेल्फ कोरडाच बसला. चालू गाडीतून काढलेलं असेलही. पण काढलं कधी, ते कोणी विचारलं नव्हतं.

"हा एकच टॅपेट बदलला तर?" अण्णा विचारतात.

"नव्या कॅमवर जुने अकरा? बाराच्या बारा आणा. आणि निघालेली पूड तेलात फिरलीय, तेव्हा फिल्टर आणि तेल. बेअरिंग मी खालून बघतो तोवर."

मिस्त्री फिल्टरच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर यादी लिहून देतात. कॅमशाफ्ट एक, टॅपेट बारा, गिअर कव्हरचं गॅस्केट, सम्पचं गॅस्केट, पुढचं ऑइल सील, ऑइल फिल्टर, तेल. बारक्याने स्कूटरला किक मारलीय. नमुना म्हणून खराब टॅपेट खिशात टाकून अण्णा मागे बसतात. सातला स्पेअरवाला शटर ओढतो.