गोळ्या सुरू झाल्या, आता पुढे काय?

“बडबड बंद झाली, गोळ्या बी चालू हायेत, पण नुसता लोळत पडतो. कामाला हात लावंना.” परभणी, जिंतूर, मानवतच्या वस्त्यांमध्ये गृहभेटी करताना ही तक्रार आम्हाला नेहमी ऐकू येते. मग घरचे त्याला आळशी ठरवतात. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्यात मनाची उमेदच आटते. भास थांबले तरी हे लक्षण मागे राहू शकते. काही गोळ्यांनीही सुस्ती येते. ते डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

इथे व्यवसायोपचार उपयोगी पडतो. व्यवसाय म्हणजे फक्त कमाई नव्हे. अंघोळ, स्वयंपाक, बाजार, मजुरी, चार माणसांत बसणे, ही सगळी कामे त्यात येतात. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. आपल्या वस्तीपर्यंत असे तज्ज्ञ क्वचितच पोचतात. पण त्यांची ध्येय ठरवण्याची पद्धत घरी वापरता येते.

पहिला प्रश्न आजारी माणसालाच विचारा : तुला काय करावंसं वाटतं? ‘कमावता झाला पाहिजे’ हे घरच्यांचे ध्येय झाले. त्याला कदाचित पौर्णिमेला विहारात जाऊन बसायचे असेल.

समजा, एका आईला वाटते की मुलीला पुन्हा आपणच शाळेत सोडावे. तिच्या पायऱ्या अशा पाडता येतील :

• पहिला आठवडा : सकाळी ८ वाजेपर्यंत उठून तोंड धुणे, दारात बसून चहा घेणे.
• दुसरा आठवडा : मुलीची वेणी घालणे, गल्लीच्या टोकापर्यंत जाणे.
• तिसरा आठवडा : सासूबाईंसोबत २ दिवस शाळेच्या फाटकापर्यंत.
• त्यानंतर : एक दिवस एकटीने.

हे वहीत लिहा : काय करायचे, किती वेळा, सोबत कोण. ‘बरी हो’ हे मोजता येत नाही. ‘आठवड्यातून २ दिवस शाळेपर्यंत’ हे मोजता येते. दर रविवारी सगळे मिळून वही बघा. जमले नाही तर पायरी मोठी होती असे समजा आणि ती निम्मी करा. टोमणा मारू नका, शेजारच्या सुनेशी तुलना करू नका. जमले तर तसे बोलून दाखवा.

झोप उडाली, संशय वाढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता परभणीचे जिल्हा रुग्णालय गाठा. मरणाची भाषा सुरू झाली तर माणसाला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते.

हक्कही लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार आणि समाजात राहणे हा हक्क दिला आहे. साखळीने बांधण्याला मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर प्रमाणपत्रावर योजनांसाठी अर्ज करता येतो.

या महिन्यात एकच ध्येय घ्या. पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटासोबत ती वहीही न्या. दिवस कसा जातो, हे डॉक्टरांना त्या वहीतून कळेल.